पंक्तिप्रपंच

भाताची रोवणी नुकतीच संपली होती. वडशाहून काही मैलांवरच्या एका खेड्यात कुटुंबभेटीसाठी गेलो असता पावसाने गाठले आणि एका गोंड कुटुंबात दुपारच्या जेवणाला थांबणे भाग पडले. ओसरीत घोंगडी अंथरली गेली. घासूनपुसून लखलखीत केलेल्या स्टीलच्या ताटात भात, वरण आणि अंबाडीची भाजी समोर आली. घरातील आजी, तिचा मुलगा, सून आणि तीन नातवंडे अशी सहा माणसे भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हणालो, "तुम्हीही बसा ना." आजी हसून म्हणाली, "तुमी जेवा जी पयले. आमचं मंग होते."

अशा रीतीने एकट्याने जेवण्याची मला अनेक वर्षांची सवय आहे. धर्मगुरू घरी आला की त्याला आधी वाढावे, त्याचे होईपर्यंत इतरांनी थांबावे, हा आपल्याकडील शिष्टाचार. त्यात यजमानाचे प्रेम असते, म्हणून मी तो कधी मोडला नाही. परंतु आदल्याच रविवारी, प्रभूच्या मेजावर सारे समान आहेत, असे मी प्रवचनात मोठ्या आवेशाने सांगितले होते. ते शब्द त्या ओसरीत मला आठवले आणि घास हातातच राहिला. मी हट्ट धरला, "तुम्ही बसल्याशिवाय मी जेवणार नाही."

घरात एकदम शांतता पसरली. सुनेने सासूकडे पाहिले. माझ्या हट्टामुळे त्या माणसांना काहीतरी अवघड झाले आहे, हे माझ्या ध्यानी आले, पण काय ते कळेना. पुढे काय घडले ते शेवटी सांगतो. त्या क्षणी मनात उभा राहिलेला प्रश्न मात्र तेव्हापासून मला सोडत नाही. जेवणाच्या रीतीभाती हा केवळ सभ्यतेचा विषय आहे की नीतीचाही? आणि एखादी रीत प्रेमाने पाळली जात असूनही ती अन्यायाची असू शकते काय?

माझे बालपण वसईच्या एका वाडीत गेले. संध्याकाळची रोझरी झाल्याशिवाय आमच्या घरी पाने वाढली जात नसत. जेवताना बोटांच्या पेरांपुढे अन्न लागू द्यायचे नाही, पानात काही टाकायचे नाही, उष्ट्या हाताने वाढून घ्यायचे नाही, हे नियम वडिलांच्या नुसत्या नजरेने शिकलो. पुढे सेमिनरीच्या भोजनगृहात काटे, चमचे, सुरी यांचा निराळाच धर्म शिकावा लागला. पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मी आईकडे चमचा मागितला. आईने डब्यातून शोधून आणून दिला. वडील काही बोलले नाहीत. हातानेच जेवत राहिले. त्या चमच्याची आठवण झाली की मला आजही शरम वाटते. चमच्याने जेवण्यात काही दोष नव्हता. दोष होता तो, त्या चमच्याने मी माझ्या वडिलांना मोजले यात.

गंमत अशी की ज्या काट्याचा मला अभिमान वाटला, त्याच काट्याला ख्रिस्ती युरोपने एके काळी नाके मुरडली होती. अकराव्या शतकात व्हेनिसच्या प्रमुखाशी विवाह झालेली एक बायझंटाईन राजकन्या अन्नाला हात न लावता सोन्याच्या काट्याने खात असे, यावर संत पीटर डेमियन यांनी कडक टीका केली. त्यांच्या मते तो विलास होता. हाताने जेवणे हेच तेव्हा सर्वांचे वळण होते. इरॅस्मस या विद्वानाने १५३० साली मुलांच्या शिष्टाचारावर पुस्तक लिहिले, तेव्हाही त्याला हाताने नीट कसे जेवावे हेच शिकवावे लागले. आज कोणी आपल्याला 'हाताने जेवणारे' म्हणून हिणवले तर रागावण्याचे कारण नाही. हिणवणाऱ्याचे पूर्वजही हातानेच जेवत होते.

निरनिराळ्या समाजांच्या रीती पाहण्यासाठी वडशाच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. आमचे गाव वैनगंगेच्या काठी, गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचे हे माहेरघर. दिवाळीनंतर मंडई आणि नाटकांचा हंगाम सुरू झाला की गावोगावी पाहुण्यांची रीघ लागते. पंगतीत भाताचे ढीग वाढले जातात आणि आग्रह केल्याशिवाय वाढप्याचे समाधान होत नाही. आपले जेवण आटोपले म्हणून पंगतीतून मध्येच उठणे हा तेथे असभ्यपणा समजला जातो. सावकाश जेवणाऱ्या म्हाताऱ्यासाठी साऱ्यांनी बसून राहायचे असते.

दक्षिणेस चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे आहेत. त्यांच्याकडे पारंपरिक जेवणाची सुरुवात कडू भाजीने होते आणि शेवट गोडाने. तिकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. तिबेटी घरात चहाचा पेला रिकामा राहू द्यायचा नाही हा यजमानाचा धर्म. पाहुणा दोन घोट घेतो की यजमान पेला पुन्हा काठोकाठ भरतो, आणि पाहुण्याने तो निरोप घेताना संपवायचा असतो. आपल्यासारखा मराठी माणूस, वाढलेले टाकू नये म्हणून पेला संपवत जातो आणि यजमान, पेला रिकामा दिसू नये म्हणून भरत जातो. दोघेही सभ्य, आणि दोघेही संकटात!

भामरागड, एटापल्लीकडील माडिया बांधवांची रीत तर फार खोल आहे. हंगामाचे नवे फळ वा नवे धान्य पिकले म्हणून ज्याने त्याने उठून तोंडात टाकायचे नसते. आधी साऱ्या गावाने मिळून पंडूम साजरा करायचा, देवाला आणि पूर्वजांना ते अर्पण करायचे आणि मगच खायचे. जपानमध्ये भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचत नाहीत, कारण मृतासाठी ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. इथिओपियात सारे एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसतात आणि प्रेमाची खूण म्हणून स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या मुखात घास देतात. आपल्या मठवासी परंपरेत सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमानुसार जेवताना मौन पाळतात, एकजण वाचतो आणि इतर ऐकतात. आलेल्या पाहुण्याचे स्वागत तो साक्षात ख्रिस्त आहे असे समजून करावे आणि त्याच्या हातावर मठाधिपतीने स्वतः पाणी घालावे, असाही तो नियम सांगतो.

एका ठिकाणी आग्रह म्हणजे प्रेम, तर दुसऱ्या ठिकाणी मौन म्हणजे प्रेम. कोठे पेला भरणे हा मान, तर कोठे पान स्वच्छ करणे हा मान. या भिन्नतेतून एकच गोष्ट दिसते. भूक लागली की पशूही खातो. परंतु समोरचे अन्न क्षणभर थांबवून 'माझ्याबरोबर आणखी कोणीतरी आहे' अशी आठवण ठेवतो तो मनुष्य. तो कोणीतरी शेजारी बसलेला असेल, दारी आलेला असेल, स्वर्गवासी झालेला पूर्वज असेल किंवा अन्न देणारा परमेश्वर असेल. प्रत्येक समाजाची भोजनरीत म्हणजे ही आठवण ठेवण्याची युक्ती होय.

असे असेल तर रीतीभातींविषयी तक्रार कशाला? तक्रार अशासाठी की हीच युक्ती माणसे उलटी वापरतात. आपल्या मराठी भाषेत त्यासाठी एक नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला कोरडा भात, असा वाढण्यातील भेदभाव म्हणजे पंक्तिप्रपंच. आपल्या पूर्वजांनी हे पाप ओळखले आणि त्याला नाव दिले. मात्र ज्यांना पंगतीत बसूच दिले नाही त्यांच्यावरील अन्यायाला हा शब्दही अपुरा पडतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात एका पेल्याभर चहाने केवढे वादळ उठवले ते आठवून पाहावे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. हे मिशन आपल्या पंथाचे नव्हे, अँग्लिकन पंथाचे. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी उपस्थित होती. कोणी चहा घेतला, कोणी केवळ मान राखण्यापुरता पेला हाती धरला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली आणि एकच गहजब झाला. ख्रिस्ती माणसाच्या हातचे घेतले म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, बहिष्काराचे संकट आले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. बहिष्काराची झळ स्नेह्यांच्या घरांना लागू लागली तेव्हा त्यांच्यासाठी रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी त्यांना दोष दिला.

ही हकीकत वाचताना आपण ख्रिस्ती लोक चटकन आपली बाजू ठरवतो. आपण अन्याय झालेल्यांच्या बाजूला जाऊन बसतो. पण थोडे थांबावे. आपल्या घरातील पाने उलटून पाहिली तर काय दिसते? गोव्यात इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या आज्ञापत्रात, नवख्रिस्ती लोकांनी हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, असेही एक कलम होते. भातात मीठ केव्हा घातले यावरून माणसाची श्रद्धा पारखली गेली! जो प्रभू आपल्या शिष्यांना, ज्या घरी जाल तेथे पुढे ठेवतील ते खा, असे सांगतो, त्याच्या नावाने हे घडले. चहाच्या पेल्यात धर्म बुडतो असे मानणारे आणि बिनमिठाच्या भाताने श्रद्धा बुडते असे मानणारे, यांच्यात फरक तो काय?

आणि भूतकाळात इतकेही दूर जाण्याची गरज नाही. प्रारंभीच्या मंडळीतच हा प्रपंच शिरला होता. करिंथ येथे श्रीमंत लोक प्रभुभोजनाला आधी येऊन आपापले खाऊन पिऊन घेत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. अशा भोजनाला प्रभूचे भोजन म्हणताच येत नाही, असे संत पौलाने त्यांना खडसावले. अंत्युखियात खुद्द संत पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे, पण यरुशलेमहून काही माणसे येताच लोक काय म्हणतील या भीतीने तो मेजावरून दूर झाला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. मंडळीतील सर्वांत थोर प्रेषिताची जी चूक पवित्र शास्त्राने लपवली नाही, ती जेवणाच्या मेजावरची आहे.

येथे एक अडचण उभी राहते. याच पौलाने अन्यत्र असेही लिहिले आहे की, माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीही खाणार नाही. मग पौलाचे खरे मत कोणते? पेत्रही भावांना दुखवू नये म्हणूनच दूर झाला असे म्हणता येणार नाही काय? मला वाटते, दोन्ही वचनांचा मेळ एका सूत्रात बसतो. भावासाठी अन्न सोडावे. अन्नासाठी भावाला सोडू नये. शाकाहारी पाहुणा घरी आला असता मी त्या दिवशी मासळी करत नाही, यात माझा त्याग आहे आणि त्याचा मान आहे. परंतु कोणाच्या तरी नियमासाठी मी पंगतीतल्या माणसाला उठवतो, तेव्हा त्याग त्याचा असतो आणि मान माझा.

सूत्र सोपे वाटते, पण प्रत्यक्षात ते फार कठीण आहे. रॉबर्ट डी नोबिली हे येशूसंघीय धर्मगुरू १६०६ साली मदुराईला आले. तेथील लोकांसाठी त्यांनी मांस व मद्य सोडले, संन्याशाची वस्त्रे धारण केली, शाकाहारी झाले. केवढा हा त्याग! पण उच्चवर्णीयांच्या नियमांना जपण्यासाठी त्यांनी त्याच गावातील आपल्या सहकारी धर्मगुरूबरोबर राहणे व जेवणेही सोडले, कारण ते धर्मगुरू खालच्या समजल्या गेलेल्या लोकांत वावरत होते. भावासाठी अन्न सोडता सोडता भाऊच सुटला. पुढे दक्षिणेत काही देवळांत जातीजातींच्या बसण्याच्या वेगळ्या जागा दीर्घकाळ टिकून राहिल्या, हे आपण जाणतोच.

रानड्यांच्या प्रायश्चित्ताकडेही मी याच सूत्राने पाहतो. स्नेह्यांसाठी त्यांनी स्वतःचा मान सोडला. म्हणून त्यांना भित्रे म्हणण्यास माझे मन तयार होत नाही. तथापि एक प्रश्न उरतोच. त्या दिवशी ज्यांनी चहा ओतला त्यांना काय वाटले असेल? प्रायश्चित्ताचा अर्थ असा की त्यांच्या हाताने मला विटाळ झाला. चौकशी चहा पिणाऱ्यांची झाली, चर्चा त्यांचीच झाली. चहा देणाऱ्या हातांना कोणी विचारले नाही. कोणत्याही भोजनरीतीची परीक्षा करायची तर ती तिच्यातील सर्वांत खालच्या पानावर बसलेल्याच्या जागी बसून करावी, आणि वाढणाऱ्याच्या जागी उभे राहून करावी.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांना हे कळले होते. गंगाराम कांबळे या दलित गृहस्थाने महाराजांच्या साहाय्याने चहाचे हॉटेल काढले, पण तेथे सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. महाराजांनी आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवली आणि आपल्या लवाजम्यासह तेथला चहा घेतला. त्यांनी चहा घेतला आणि देणाऱ्या हाताचा मान साऱ्या गावासमोर वाढवला.

प्रभू येशूला रीतीभातींची जाण नव्हती असे कोणी समजू नये. शिमोन परुश्याने पायांसाठी पाणी दिले नाही, स्वागताचे चुंबन घेतले नाही, मस्तकाला तेल लावले नाही, ही प्रत्येक उणीव त्याने टिपली होती. पण त्याने ती बोलून दाखवली ती स्वतःच्या मानासाठी नव्हे. ज्या पापी स्त्रीला त्या मेजाजवळ कोणी उभे करू इच्छित नव्हते, तिचा मान राखण्यासाठी त्याने ती बोलून दाखवली. शिष्टाचाराचा असा उपयोग आपल्याला जमेल काय?

आता आपण आपल्या घरात पाहू. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा कप आपल्या स्वयंपाकघरात कोठे असतो? तो इतर कपांबरोबर फळीवर असतो की खिडकीत वेगळा? नामकरणाच्या वा लग्नाच्या जेवणावळीत मंडप घालणारे, बँडवाले, आचारी यांना कधी आणि काय वाढले जाते? सणाच्या दिवशी धर्मगुरू, सिस्टर्स आणि पुढारी यांच्यासाठी पांढऱ्या चादरीची मेजे मांडली जातात आणि मिस्सेत ज्यांनी त्याच वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद घेतला ते बाकीचे खाली सतरंजीवर बसतात. या मेजावर मी स्वतः किती वर्षे बसलो आहे! आणि रोजच्या जेवणात घरातील आई केव्हा जेवते? माझी आई सर्वांत शेवटी, चुलीपाशी, उरलेले घेऊन बसत असे. आम्ही सारे भावंडे हे तिचे प्रेम समजत होतो. ते प्रेम होतेच. पण तिच्या वाट्याला भाजी उरली होती की नाही, हे पाहण्याचे प्रेम आमच्यापैकी कोणाकडे नव्हते.

आता पंगती कमी होऊन बफेची पद्धत आली आहे. जुनी माणसे तिला नावे ठेवतात, पण तिच्यात एक गुण आहे : पात्रे सर्वांसाठी तीच, रांग सर्वांसाठी तीच. पंक्तिप्रपंचाला तेथे वाव कमी. उणीव एवढीच की कोणी जेवले की नाही हे कोणालाच कळत नाही. पंगतीत भेद होता, पण म्हाताऱ्यासाठी थांबणेही होते. भेद टाकून थांबणे तेवढे ठेवता आले तर किती बरे होईल!

आता त्या ओसरीत परत जाऊ. माझ्या हट्टाने पसरलेल्या शांततेचा अर्थ मला हळूहळू उमगला. घरात स्टीलचे चांगले ताट एकच होते. आणि भाजी? केली तेवढी सारी माझ्या ताटात आली होती. मी समतेचा आग्रह धरला आणि त्या माणसांचे दारिद्र्य उघडे पाडले. त्यांच्या रीतीने ते अब्रूने झाकले गेले होते. केवळ तत्त्व बरोबर असून भागत नाही, हे मला तेथे कळले.

वाट काढली ती आजीनेच. तिने मोठ्या नातवाला आतून पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणायला सांगितल्या. माझे ताट उचलले. त्यातला भात एका पत्रावळीवर उलटला आणि भाजी परत गंजात घातली. मग सर्वांना सारखी पाने मांडली, प्रत्येकाच्या पानावर मिठाची चिमूट ठेवली. भाजी बोटभरच वाट्याला आली. नातवंडे मला पाहून लाजत होती, मग हसू लागली.

त्यानंतर त्या घरी मी अनेकदा जेवलो आहे. आता आजी न विचारता सात पत्रावळी मांडते, सहा त्यांच्या आणि एक माझी. सून मात्र वाढत राहते, आणि आमचे होईपर्यंत तिचे पान रिकामेच असते. दोनदा मी तिला बसायला सांगितले. ती हसते आणि भाताचे पातेले उचलते. या वेळी हट्ट धरण्याचे धाडस मला झालेले नाही. सातांपैकी ते एक पान अजून भरायचे आहे. त्या पानाकडे पाहिले की मला माझ्या आईची आठवण होते.